रात्री दचकून उठणाऱ्या जवानाजवळ कसं बसावं

लढाई पाहून आलेल्या माणसाला झोपेतून उठवायचं असेल तर त्याच्या पायाकडे उभं राहा, दोन हात लांब. आधी त्याचं नाव घ्या, हळू पण स्पष्ट. अंगाला हात लावू नका, आणि उशाकडून तर जाऊच नका. बॅटरी हातात असेल तर उजेड जमिनीवर पाडा, तोंडावर नको. त्याने डोळे उघडून तुमच्याकडे पाहिलं, ओळखलं, की मगच पुढे व्हा.

हे मी लष्करी रुग्णालयात परिचारिका असताना सायकॅट्री (मानसोपचार) वॉर्डाच्या नाईट ड्यूटीवर शिकले, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. एकदा सुट्टीवर घरी आले तेव्हा आजीशी बोलताना सहज हा विषय निघाला. ती म्हणाली, "हे तर आमच्या सासूबाई करायच्या." माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला गेले होते. परत आले ते रात्री गोठ्यात बैलांजवळ झोपायला लागले. घरात झोपले की ओरडत उठायचे. पणजी कंदील खाली, त्यांच्या पायाशी ठेवायची आणि जवळ जाण्याआधी दोनदा म्हणायची, "अवं, म्या हाय, घरातली." नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती, म्हणून "घरातली". त्या शब्दात सगळंच आलं: कोण आहे आणि आपण कुठे आहोत.

निवृत्त झाल्यापासून मी साताऱ्याकडे राहते. इथे घराघरात फौजी. जवळच्या मिलिटरी आपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आलेच नाहीत. जे परत आले त्यांच्या रात्रींची नोंद कुठेच नाही. आता रजेवर किंवा पेन्शनवर घरी आलेल्या जवानांच्या बायका आणि आया मला विचारतात, "मॅडम, रात्री ओरडतात, काय करू?" त्यांच्यासाठी आणि सायकॅट्री वॉर्डात पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्या मुलींसाठी हे लिहिते आहे. जिथे ठाऊक आहे तिथे नियम कुठून आला तेही सांगते. नियमाचं कारण कळलं की घाईच्या वेळी हात चुकत नाही.

आधी नावं ठेवणं थांबवा

फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांबद्दल लेख लिहिला. तोफगोळा जवळ फुटल्यावर त्यांची स्मृती, नजर, वास आणि चव गेली होती. 'शेल शॉक' हा शब्द त्या लेखामुळे वैद्यकात आला. पण पुढे हजारो जण तीच लक्षणं घेऊन येऊ लागले आणि त्यांतल्या कित्येकांजवळ गोळा फुटलाच नव्हता. १९१७ मध्ये ब्रिटिश सैन्याने आघाडीवर हा शब्द वापरायचा नाही असं ठरवलं. चिठ्ठीवर 'एन.वाय.डी.एन.' लिहायचं, म्हणजे मज्जासंस्थेचा त्रास, निदान अजून व्हायचं आहे. त्याच युद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांवरून ज्यांना गोळ्या घातल्या त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने २००६ मध्ये माफी दिली. त्यांच्यातले काही आजारी होते हे मान्य व्हायला नव्वद वर्षं लागली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर 'एक्झॉशन', म्हणजे थकवा, हा शब्द मुद्दाम वापरला जाई. थकलेला माणूस विश्रांतीने पुन्हा उभा राहतो, हा भरवसा त्या शब्दातच असतो. उलट ब्रिटिश हवाई दलात उड्डाण न झेपणाऱ्यांच्या कागदावर 'धैर्याचा अभाव' असा शेरा पडे, आणि तो शेरा माणसाला नोकरी संपल्यावरही सोडत नसे.

आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं नावही असंच इंग्रजीत गेलं. मुदत संपलेले गोरे शिपाई मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून असत. जहाजं थंडीच्या दिवसांत सुटत, हुकलं की पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं. काम नाही, वर ऊन, ताप आणि दारू. त्यातून 'डूलाली टॅप' हा शब्द निघाला, टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्रजीत वेड्यासारखं वागणाऱ्याला 'डूलाली' म्हणतात. ज्यांच्यावरून तो शब्द पडला त्यांना आराम पडला की नाही, हे शब्द वापरणाऱ्याला ठाऊकही नसतं.

म्हणून घरात भित्रा, वेडा, लागिरलेला, बाहेरची बाधा, यातलं काहीही म्हणू नका, त्याच्यासमोर नाही आणि त्याच्यामागेही नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर "त्यांना झोप लागत नाही, उपचार चालू आहेत" एवढं सांगा. हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

रात्र

स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ क्रेगलॉकहार्ट नावाचं अधिकाऱ्यांसाठीचं युद्ध रुग्णालय १९१६ मध्ये सुरू झालं. सिगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे दोन सैनिक-कवी १९१७ मध्ये तिथे होते. ससूनने लिहून ठेवलंय की दिवसा डॉक्टरांमुळे सगळं हसतंखेळतं असे, रात्री मात्र प्रत्येक जण आपापल्या खंदकात एकटा परत जाई. या रुग्णालयावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि तिथल्या डॉक्टर रिव्हर्सचं नाव जगाला माहीत आहे. त्या रात्री व्हरांड्यातून फिरणाऱ्या परिचारिकांची नावं शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण मानसिक आघाताचा आजार रात्रीच जास्त बोलतो.

त्याआधी ब्रिटनच्या मनोरुग्णालयांत पुरुषांच्या वॉर्डात बहुतेक पुरुष परिचर असत, आणि दांडगाई आवरायची ताकद हा त्या कामाचा मोठा भाग मानला जाई. १९१४ नंतर ते परिचर स्वतःच सैन्यात गेले, कितीतरी मनोरुग्णालयं युद्ध रुग्णालयं झाली आणि पुरुषांच्या वॉर्डात बायका कामाला आल्या. ताकदीने दाबून ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं. मग आवाज, उजेड, अंतर आणि वेळ, एवढ्याच साधनांवर काम करावं लागलं. आपल्याकडे घरात असतात ती हीच साधनं.

मी नवीन असताना एका रात्री अडीचच्या सुमारास माझ्या हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. वॉर्डात श्रीलंकेहून परत आलेले जवान होते. डोळ्याचं पातं लवायच्या आत सहा जण कॉटखाली होते. त्यातला एक सुभेदार पन्नाशीला आलेला. तो कॉटखालून मला हाताने खूण करत होता: खाली बस, खाली बस. त्याला माझी काळजी वाटत होती. मी खरंच खाली बसले आणि फरशीवर बसूनच सगळ्यांची नावं एकेक करून घेतली. त्या रात्रीनंतर मी किल्ल्यांचा जुडगा रुमालात गुंडाळून खिशात ठेवायला लागले, ट्रेवर कापड अंथरायला लागले.

घरी हेच करा. भांडी रात्री घासू नका. कुकर लावताना सांगा, "शिट्टी होणार आहे." पंख्याचा खडखड आवाज येत असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या, कारण काहींना त्यात हेलिकॉप्टर ऐकू येतं. दिवाळीत किंवा गावात वरात असेल तेव्हा फटाके किती वाजता वाजतील ते विचारून ठेवा आणि त्याला आधी सांगा. आवाज टाळता आला नाही तरी त्याची आगाऊ खबर देता येते, आणि फरक त्या खबरीनेच पडतो.

तो ओरडत उठला तर काय करायचं? स्वतः उभे असाल तर खाली बसा. त्याच्या आणि दाराच्या मध्ये येऊ नका, त्याला बाहेर पडायची वाट मोकळी दिसली पाहिजे. दाराला बाहेरून कडी घालू नका. दोघा-तिघांनी मिळून धरायला जाऊ नका. अर्धवट झोपेतल्या माणसाला ते धरणं शत्रूचं वाटतं आणि तो तसाच प्रतिकार करतो. लहान मुलांना काही दिवस आजीजवळ झोपवा. मग बोला, छोटी वाक्यं, सावकाश: "दादा, मी सुनीता. तुम्ही घरी आहात. आज मंगळवार. बाहेर पाऊस पडतोय. हा आपला पंखा." पत्नीने, आईने, प्रत्येकीने आपलं नातं आणि नाव सांगावं. पाय जमिनीला टेकवायला सांगा. गार पाण्याचा तांब्या त्याच्या हातात द्या, पाजू नका, त्यालाच धरू द्या. धातूचा गारवा हाताला कळला की पुष्कळदा माणूस परत येतो.

आणि श्वास तुमचा सांभाळा. तुम्ही धापा टाकत बोललात तर त्याचीही धाप वाढेल. हिल्डगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेने हेच पुढे शास्त्र म्हणून मांडलं, की घाबरलेपण एका माणसातून दुसऱ्यात जातं आणि शांतपणही जातं. लहान असताना, १९१८ च्या फ्लूच्या साथीत, तापाच्या भ्रमात बरळणारी माणसं तिने पाहिली होती. १९४३ ते १९४५ ती अमेरिकी सैन्याच्या परिचारिका दलात होती आणि इंग्लंडमध्ये मन खचलेल्या सैनिकांच्या रुग्णालयात तिने काम केलं. तिचं पुस्तक लिहून झालं तरी छापायला वर्षं गेली, कारण सहलेखक म्हणून डॉक्टरचं नाव नसताना एका परिचारिकेने असा ग्रंथ लिहावा हे त्या काळी पचत नव्हतं. १९५२ मध्ये ते निघालं. परिचारिका आणि रुग्ण यांच्यात जे नातं तयार होतं तेच उपचाराचं साधन आहे, हे तिचं म्हणणं मी वाचलं तेव्हा मला पणजीचा कंदील आठवला.

किती विचारायचं, किती ऐकायचं

पहिल्या महायुद्धात वाचा गेलेले बरेच सैनिक होते. लंडनमध्ये लुईस येलँड या डॉक्टरने अशा एका चोवीस वर्षांच्या शिपायाच्या घशाला विजेचे झटके दिले, खोलीचं दार बंद करून, बोलल्याशिवाय इथून सुटका नाही असं बजावून. चार तासांनी तो बोलला. हे येलँडने स्वतः अभिमानाने छापलंय. तो शिपाई त्या रात्री झोपला का, हे मला विचारावंसं वाटतं.

क्रेगलॉकहार्टचा रिव्हर्स उलट्या टोकाला होता. त्याच्याकडे येणाऱ्या अधिकाऱ्यांना घरच्यांनी आणि आधीच्या डॉक्टरांनी "विसरून जा" असं सांगितलेलं असे. ते दिवसभर विसरायचा प्रयत्न करत आणि रात्री तेच दुप्पट होऊन येई. रिव्हर्सने त्यांना सांगितलं, ढकलू नका, आठवण आली तर तिच्याकडे पाहा, मात्र तिच्यातच बुडून राहू नका.

मी घरच्यांना एवढंच सांगते: "विसरा आता" म्हणू नका, आणि "काय झालं ते सगळं सांगा" असंही म्हणू नका. खोदून काढायचं काम प्रशिक्षित माणसाचं आहे. तुम्ही जे दिसलं ते बोला: "आज तुम्ही तीनदा उठलात." "जेवताना हात थरथरत होता." मग थांबा. तो बोलला तर ऐका, मध्ये सल्ला घालू नका, आणि रडला तर पाणी आणायला उठून जाऊ नका. बसून राहा. "असं का केलं?" हा प्रश्न कधीच नको. ज्याचा मित्र त्याच्या शेजारीच मारला गेला आणि तो स्वतः वाचला, त्याला त्या "का"ने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं.

भाषेचं तर विसरूच नका. १९१४ ते १९१६ या काळात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात रुग्णालय केलं होतं. धर्म आणि जात पाहून नऊ स्वयंपाकघरं ठेवली होती, पाण्याचे नळ वेगळे. पण गोऱ्या परिचारिकांनी भारतीय सैनिकांची प्रत्यक्ष शुश्रूषा करू नये असा दंडक १९१५ मध्ये आला, त्यांनी फक्त देखरेख करायची. घरी पाठवलेलं पत्र आधी सेन्सॉरच्या हाताखालून जाई. आणि भारतात १८८८ साली पहिल्या दहा लष्करी परिचारिका मुंबईत उतरल्या त्या ब्रिटिश सैनिकांसाठी. बसऱ्याहून, किंवा इराकमधल्याच कुत-अल-अमाराच्या १४७ दिवसांच्या वेढ्यातून आणि त्यानंतरच्या कैदेतून वाचून आलेल्या मराठा पलटणींच्या माणसाला त्याच्या बोलीत "पाणी हवंय का" असं विचारणारी पहिली व्यक्ती बहुधा त्याच्या घरातलीच असणार.

माझ्या वॉर्डात एक हवालदार पंधरा दिवस सगळ्यांशी हिंदीत दोन-दोन शब्द बोलायचा. एका रात्री तो झोपेत "आये" म्हणाला. मी सकाळी त्याला मराठीत विचारलं, "गाव कुठलं?" त्याने गावचं नाव सांगितलं, मग विहिरीचं, मग विहिरीवरच्या आंब्याचं. लढाईवर यायला त्याला अजून आठ दिवस लागले. मी ते आठ दिवस आंब्याबद्दलच ऐकत होते. तुम्हीही ऐका.

झोपेच्या गोळ्या

१९४० मध्ये फ्रान्सच्या डंकर्कहून माघार घेऊन आलेल्या सैनिकांना इंग्लंडमध्ये सोडियम अमायटल हे गुंगीचं औषध देऊन झोपवत. अमेरिकी सैन्यातल्या याच औषधाच्या निळ्या कॅप्सूलना शिपाई 'ब्लू ८८' म्हणत. ८८ म्हणजे जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ. काही ठिकाणी माणसाला दिवसेंदिवस झोपेत ठेवत. हा उपचार म्हणजे प्रत्यक्षात परिचारिकांचं काम होतं: श्वास मोजायचे, कूस बदलायची, खायला घालण्यापुरतं जागं करायचं, पुन्हा श्वास मोजायचे. श्वास मोजणारं कुणी शेजारी नसेल तर ते औषध घातक होतं.

म्हणून गोळी डॉक्टरने लिहिली तेवढीच आणि त्याच वेळेला. शेजारच्या फौजीची उरलेली गोळी नको, एक लागू पडत नाही म्हणून दुसरी नको, आणि मनाने अचानक बंदही नको. गोळी आणि दारू एकाच रात्री कदापि नको. कॅन्टीनची बाटली हा सगळ्यात जुना झोपेचा उपाय आहे हे मला माहीत आहे. पहिले दोन तास झोप येते, मग पहाटे तीनला जाग येते ती आधीपेक्षा वाईट.

दिवसा हाताला काम

क्रेगलॉकहार्टमध्येच आर्थर ब्रॉक नावाचा दुसरा डॉक्टर होता. ओवेन त्याच्याकडे होता. ग्रीक कथेतल्या अँटियस नावाच्या राक्षसाला जमिनीला पाय टेकले की बळ येई, उचलून धरलं की जाई. ब्रॉक ती गोष्ट सांगे आणि रुग्णांना कामाला लावी: बाग, फिरणं, रुग्णालयाचं मासिक. डेव्हनमधल्या सील-हेन इथे आर्थर हर्स्टने रुग्णांना शेतात उतरवलं. १९४२ मध्ये बर्मिंगहॅमच्या नॉर्थफील्ड रुग्णालयात विल्फ्रेड बिऑनने वॉर्डाची जबाबदारीच रुग्णांच्या हाती दिली. ते आपापले गट करत आणि रोज १२ वाजून १० मिनिटांनी एकत्र जमून काय चाललंय ते मांडत. सहा आठवड्यांत वरिष्ठांनी तो प्रयोग थांबवला, पण त्याच रुग्णालयात दुसऱ्यांनी तो पुढे नेला.

"तुम्ही आराम करा, आम्ही बघतो" हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य जवानाला फार लागतं. त्याला असं काम द्या जे संध्याकाळपर्यंत संपेल आणि संपलेलं दिसेल: कांद्याचा एक वाफा खुरपणं, गोठ्याचं दार दुरुस्त करणं. गोळ्या चालू असतील तर ट्रॅक्टर आणि विहिरीचा कठडा नको.

लांब पाठवू नका

मायर्सने १९१६ च्या अखेरीस आग्रह धरून आघाडीजवळच उपचाराची केंद्रं करून घेतली. १९१७ मध्ये टॉमस सॅल्मन हा अमेरिकन डॉक्टर ते पाहून गेला आणि आपल्या सैन्यासाठी त्याने तसंच केलं: जवळ, लवकर, आणि "तू बरा होणार आहेस" या अपेक्षेने. लांबच्या रुग्णालयात पाठवलेला माणूस स्वतःला कायमचा आजारी समजायला लागतो, हे त्यांनी पाहिलं होतं. सैन्याचा हेतू माणूस परत खंदकात पाठवण्याचा होता आणि मला तो हेतू पटत नाही. पद्धत मात्र घरी उपयोगी आहे. त्याला मामाच्या गावी किंवा मठात "थोडे दिवस" धाडू नका. आपल्या माणसांत ठेवून उपचार लवकर सुरू करा. नोकरीत असेल तर युनिटच्या डॉक्टरला कळवा, रजेवर असेल तर जवळचं लष्करी रुग्णालय गाठा, निवृत्त असेल तर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, पॉलिक्लिनिक. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही फोन लागतो आणि मराठीत बोलता येतं.

तो "माझ्यानंतर" अशी भाषा करायला लागला, हिशेब मिटवायला लागला, वस्तू वाटून टाकायला लागला, तर सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, विचारणारं कुणीतरी आहे हे कळतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. घरातली बंदूक आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी, कुलपात. आणि त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही.

पाळी बदला

पहिल्या महायुद्धात परिचारिकाही कोसळत होत्या. त्यांच्या कागदावर 'अशक्तपणा' किंवा 'न्यूरस्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचा थकवा, असं लिहून त्यांना विश्रांतीला पाठवत. घरातल्या बाईला असं कुणी पाठवत नाही, म्हणून तुम्हीच व्यवस्था लावा. सलग सगळ्या रात्री एकीनेच जागायचं नाही. दीर, सासरे, मोठा मुलगा, जो असेल त्याला आठवड्यातल्या दोन रात्री द्या.

पाळी देताना वॉर्डात देतो तसा रिपोर्ट द्या. शंभर पानी वही घ्या आणि तारीख टाकून लिहा: किती वाजता झोपले, किती वाजता उठले, काय म्हणाले, किती वेळाने ओळखलं, पाणी प्यायले का, परत झोप लागली का. डॉक्टरला ही वही दाखवा, "रात्री त्रास होतो" या वाक्यापेक्षा तिच्यातून त्याला खूप जास्त कळतं. पुढच्या पाळीच्या माणसाला ती वाचून दाखवा, कंदील असेल तर कंदील, बॅटरी असेल तर बॅटरी त्याच्या हातात द्या, तो पायाकडच्या बाजूला बसला आहे हे बघा, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन झोपा.